तोच रुपया, दोन दर: ठरलेल्या विक्रेत्याला आपण जास्त का मोजतो?

नौपाडकर | रविवार, रात्री ११:५२

मंडळी, घरचे झोपल्यावर लिहितोय. हा हिशेब बायकोसमोर मांडायची सोय नाही.

मी पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये जमवतो. गेल्या आठवड्यात एकाच लिलावाच्या साइटवर १९११ सालचे दोन रुपये आले. ज्यांना १९११ चं कौतुक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या वर्षीच्या रुपयात राजाच्या झग्यावरचा हत्ती इतक्या आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला, सरकारनं नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आली. म्हणून जमवणारे त्याला 'पिग रुपी' म्हणतात. फार दुर्मिळ नाही, पण प्रत्येकाला एक तरी हवाच असतो.

दोन्ही रुपये मुंबई टांकसाळीचे. मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली बारीक टिंब असलं की मुंबई, नसलं की कलकत्ता. झीज साधारण सारखी. एक होता माझ्या ठरलेल्या विक्रेत्याचा. त्यांना मी नऊ वर्षं ओळखतो, म्हणजे फोनवर ओळखतो, तोंड पाहिलेलं नाही. आपण त्यांना काका म्हणू. दुसरा एका नवख्याचा. त्याच्या खात्यावर जेमतेम चौदा शेरे, सगळे चांगले. फोटो म्हणाल तर नवख्याचे जास्त स्वच्छ होते.

काकांचा रुपया मी ६,२०० ला घेतला. माझी कमाल बोली ७,००० ची टाकून ठेवली होती, मशीन आपोआप शंभर-शंभरनं चढवत गेलं आणि ६,२०० ला थांबलं. मी खूश. पंधरा मिनिटांनी नवख्याचा लॉट संपला, ४,१०० ला. तो मी बघत बसलो होतो, पण एक बोली लावली नाही.

तर प्रश्न असा की २,१०० रुपये मी नक्की कशाचे दिले?

---

विन्या_वाशी | रविवार, रात्री ११:५८

हत्तीचं डुक्कर झालं आणि तुमचा बकरा. धागा संपला.

---

नौपाडकर | सोमवार, ००:०३

विन्या, झोप.

---

अर्थाताई_बेलापूर | सोमवार, सकाळी ७:२०

विन्या झोपला असेल तर मी लिहिते. कॉलेजात हाच विषय शिकवते, त्यामुळे लांबण लागेल, आधीच माफी.

नौपाडकर, तुमचा प्रश्न लोकांनी मोजून पाहिलेला आहे. मिशिगन विद्यापीठाचे पॉल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेवर प्रयोग केला, निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. जुनी पोस्टकार्डं विकणारा, चांगलं नाव कमावलेला एक विक्रेता त्यांनी सोबत घेतला. एकसारख्या कार्डांच्या जोड्या लावल्या. एक गठ्ठा त्यानं आपल्या नेहमीच्या खात्यावरून विकला आणि त्याच्याच जोडीचा गठ्ठा नव्या, कोऱ्या खात्यावरून. माणूस तोच, माल तसाच, पाकीट तसंच, फक्त नाव वेगळं. जुन्या नावाला लोक किमतीच्या ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होते.

ह्याच्या मागचं कारण १९७० सालचं आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर लेख लिहिला. गाडी आतून सडकी आहे की नाही हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सगळ्याच गाड्यांना सडकी धरून भाव करतो, आणि चांगली गाडीवाला बाजारातून उठून जातो. तुम्ही त्या नवख्याच्या रुपयाला हेच केलंत. तो चांगला असेलही, पण तुम्ही सडका धरलात.

---

नौपाडकर | सोमवार, सकाळी ८:४५

ताई, ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्यानं वाचलं. ऐरोली यायच्या आत हिशेबही केला. ४,१०० चे ८.१ टक्के म्हणजे ३३२ रुपये. ते विश्वासाचे, कबूल. ते मी आनंदानं देईन.

उरलेले १,७६८ कशाचे?

---

तबकडीवाला_कोपरी | सोमवार, सकाळी १०:१०

साहेब, तुमच्या नाण्याचं निदान वजन तरी करता येतं. माझ्याकडे या. मी ७८ आरपीएमच्या तबकड्या जमवतो, बहुतेक नाट्यसंगीत.

फोटोत तबकडी काळी आणि चकचकीत दिसते. चकचकीत सगळ्याच दिसतात, ओल्या फडक्यानं पुसली की झालं. आवाज फोटोत येत नाही. त्या काळी पोलादी सुई असायची, ती दर बाजूला बदलायची असा नियम. पण एका सुईवर पाच-पाच गाणी ओढणारी घरं होती (आमचे आजोबा त्यातले). बोथट सुईनं खाच खरवडली जाते आणि तान वर गेली की नेमकी तिथेच खरखर येते. डोळ्यांना फार तर करडी झाक दिसते, तीही खिडकीजवळ तिरकी धरली तर. आणि केसाएवढी चीर! ती लेबलपाशी सुरू होते, फोटोत दिसत नाही, सुई तिच्यावरून गेली की दर फेरीला 'टक्', 'टक्'.

माझा एक विक्रेता आहे. तो लॉटखाली लिहितो: "दुसऱ्या अंतऱ्यात खरखर, बाकी स्वच्छ. चीर नाही, नख फिरवून पाहिलं." हे नख फिरवून पाहिलेलं जे आहे ना, त्याचे मी पैसे देतो. दुसरा लिहितो "व्हेरी गुड कंडिशन, रेअर". त्याच्याकडे मी फुकटातही घेणार नाही. आणि लाखेची तबकडी पोस्टानं येते म्हणजे काय हे ज्याला कळतं तो दोन्हीकडून जाड पुठ्ठा लावतो, दोरी बाहेरून बांधतो, 'नाजूक' लिहून भागवत नाही. एकदा एका स्वस्तवाल्याकडून मला अगदी घडीव पाच तुकडे आले होते. अजून ठेवलेत.

तुमचे १,७६८ त्यातले असतील.

---

विन्या_वाशी | सोमवार, सकाळी १०:३०

तबकडीवाले, पाच तुकडे म्हणजे प्रत्येकी किती पडला?

---

मत्स्यगंधा_घोडबंदर | सोमवार, दुपारी १:१५

मला तुमच्या लिलावातलं काही कळत नाही, पण एक विचारते. माझी कोळीण ठरलेली आहे, वीस वर्षं. मीही तिच्यावर आंधळा विश्वास ठेवते, कालवं बंद असली तरी घेते. पण ती मला वाटा वाढवून देते. चार कोलंब्या वर टाकते. पापलेट शिळं असेल तर डोळ्यांनी खुणावते, "आज नको, वहिनी".

तुमचा ठरलेला माणूस तुमच्याकडून दीडपट घेतो. हे कसलं गिऱ्हाईकपण?

---

नौपाडकर | सोमवार, दुपारी १:४०

वहिनी, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. डबा खाता खाता घास अडकला.

---

अर्थाताई_बेलापूर | सोमवार, दुपारी ४:०५

मत्स्यगंधाताई, सगळ्या धाग्यात हा एक प्रश्न लाखाचा.

कोळीण भाव स्वतः सांगते, म्हणून ती तुम्हाला सूट देऊ शकते. लिलावात काकांच्या हातात भाव नाहीच. विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये ह्याचं गणित मांडलं (त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं आणि जाहीर झाल्यावर तीन दिवसांत ते गेले, असो). नौपाडकरांनी ७,००० टाकले होते, दिले ६,२००. का? कारण त्यांच्या मागे जो होता त्याचा दम ६,१०० ला संपला. लिलावात जिंकणारा फार तर नाव देतो, किंमत हरणारा ठरवतो.

म्हणजे २,१०० चा जाब काकांना किंवा नौपाडकरांना विचारून उपयोग नाही. तो त्या दुसऱ्या नंबरच्या माणसाला विचारा. तो काकांच्या लिलावात का होता आणि नवख्याच्या लिलावात त्याची जागा रिकामी का होती?

अजून एक. मिलग्रॉम आणि वेबर ह्या अर्थतज्ज्ञांनी १९८२ मध्ये दाखवलं की विक्रेता मालाबद्दल जितकं खरं उघड सांगेल तितकी लिलावात किंमत सरासरीनं चढते. तबकडीवाल्यांचं 'नख फिरवून पाहिलं' तेच. जिथे माहिती नसते तिथे शहाणा माणूस हात आखडतो, कारण अंदाजाच्या लिलावात जिंकतो तो बहुतेकदा सगळ्यांत जास्त चुकलेला असतो. एका तेल कंपनीच्या तीन इंजिनियरांनी १९७१ मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या लिलावांबद्दल हेच लिहिलं होतं, त्याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. काकांच्या वर्णनामुळे शापाची भीती कमी होते आणि सगळेच पाय पसरतात.

---

पाकीटमास्तर_नेरूळ | सोमवार, रात्री ९:३०

मी पलीकडच्या बाजूचा, पोस्टाची तिकिटं विकतो. थोडं आमचंही ऐका.

नौपाडकरांचे काका काय करतात ते मला न बघता सांगता येईल. कडेचा फोटो देतात. वजन लिहितात. घासलेलं नाणं असेल तर 'घासलेलं' लिहितात. कमी भावानं सुरू करतात. ही शेवटची गोष्ट सगळ्यांना जमत नाही. मी १० रुपयांपासून लिलाव सुरू करू शकतो, कारण मला माहीत आहे, माझी पंधरा-वीस माणसं येणारच. नवखा १० ला सुरू करेल तर त्याचा माल १० लाच जाईल. म्हणून तो ३,५०० पासून सुरू करतो, आणि ३,५०० बघून लोक लांबूनच जातात. स्वस्त सुरुवातीला माणूस सहज एक बोली टाकतो, मग दुसरी, मग ती वस्तू त्याची झालेली असते, मनात हो.

माल परत आला तर मी एक शब्द न विचारता पैसे परत करतो. वर्षातून चार-पाच वेळा, त्यात दोनदा माणूस खोटं बोलतोय हे मला कळत असतं. तो खर्च तुमच्या जास्तीच्या पैशांतूनच निघतो.

आता एक खरी गोष्ट, जी आमच्यातलं कुणी लिहिणार नाही. नेहमीचं गिऱ्हाईक वस्तूला जितकं देतं तितकंच मला खूश ठेवायलाही देतं. त्याला वाटतं, आज मी पडेल भावात सोडलं तर पुढचा चांगला माल हा दुसऱ्याला आधी दाखवेल. मी असं कधी बोललो नाही. पण त्यांना तसं वाटू नये म्हणून मी काही केलंय का? तर तेही नाही.

---

सीवूड्सची_सई | सोमवार, रात्री १०:५५

विश्वासाचं एवढं गुणगान चाललंय म्हणून कडवट लिहिते. मी जुनी फाउंटन पेनं घेते. माझाही एक 'ठरलेला' होता. शाई न गळणारी पेनं, सुंदर पॅकिंग, दिवाळीला शुभेच्छा, सगळं. तीन वर्षं घेतलं त्याच्याकडून.

मग एकदा करोनात घरी बसून मी माझ्या जुन्या लिलावांची यादी काढली. नावं झाकलेली असतात, पहिलं-शेवटचं अक्षर दिसतं. एकच 'र*५' माझ्या मागे सतत दुसरा. अकरा लिलाव. दर वेळी दुसरा, कधीच पहिला नाही. आणि त्याची पद्धत ठरलेली, शेवटच्या दिवशी संध्याकाळी छोट्या छोट्या उड्या मारत माझ्या कमालीच्या अगदी खालपर्यंत येऊन थांबायचं. ह्या अकराशिवाय दोनदा त्याची उडी जास्त झाली, तो जिंकला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा निरोप: "समोरच्यानं पैसे भरले नाहीत, ताई, तुमच्या बोलीत तुम्हाला देतो." मी दोन्ही वेळा आभार मानून घेतलं!

नाव लिहीत नाही, 'र*५' हा भाव चढवायला विक्रेत्यानंच बसवलेला होता ह्याला पुरावा म्हणून माझ्याकडे वहीतला तक्ता आहे फक्त. विक्रेत्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुम्हीसुद्धा?" आणि मलाच अपराधी वाटलं, दोन दिवस.

पेनं मात्र सगळी अस्सल निघाली. तेच तर वाईट आहे.

---

नौपाडकर | सोमवार, रात्री ११:२०

सई, तुझं वाचून उठलो आणि माझी यादी काढली. माझ्या मागे गेल्या वर्षभरात सात वेळा एकच 'क*२' आहे. पोटात गोळा आलाय. काकांवर संशय घ्यायचा?

---

विन्या_वाशी | सोमवार, रात्री ११:२४

बकऱ्याला सुरी दिसली.

---

अर्थाताई_बेलापूर | मंगळवार, सकाळी ६:५०

थांबा, घाई नको. 'क*२' ह्या सात वेळांशिवाय काकांच्या इतर लिलावांत जिंकलाय का ते बघा. सईच्या 'र' नं कधी जिंकून पैसे भरलेच नाहीत, तुमचा 'क' भरत असेल तर तो तुमच्यासारखाच हौशी. हा बाजार लहान आहे हो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणजे १९११ च्या रुपयाला घेणारे सगळे इथलेच. पंचम जॉर्ज वर्षवार, टांकसाळवार लावणारे त्यातले किती? तेच ते चेहरे एकमेकांच्या मागे लागणारच.

---

कळव्याचा_कलदार | मंगळवार, दुपारी १२:४०

नमस्कार. तीन वर्षं नुसता वाचक होतो, आज खातं उघडावं लागलं.

'क*२' मी आहे.

काकांचा माणूस नाही, महावितरणची बिलं भरणारा साधा कळवेकर. काकांकडून आजवर बावीस नाणी जिंकून घेतलीत, पावत्या आहेत. नौपाडकर, तुम्ही जो 'न*९' असाल तर गेलं वर्षभर मी तुम्हाला रोज रात्री शिव्या देतोय. १९१४ कलकत्ता तुम्ही माझ्या तोंडातून काढलात.

आता ऐका. १९११ ला माझी कमाल ६,१०० होती, काकांकडे. हरलो. चिडून नवख्याच्या लॉटवर गेलो. तिथे ४,१०० ला मीच घेतला! माझ्या खिशात त्या क्षणी ६,१०० होते, पण तिथे मी ४,२०० ची कमाल टाकली. का? तो कडेचा फोटो पाठवत नव्हता. दोनदा विचारलं, उत्तर नाही. माझ्या आजीच्या माळेत रुपये होते, वर कडी डाख लावून जोडलेली. अशा माळा मोडल्या की कडी काढून, कड कानशीनं घासून नाणं बाजारात येतं. समोरून काही कळत नाही, कडेला बाराच्या काट्यापाशी दातेरं बुजलेली असतात. तेवढ्यासाठी मी दोन हजारानं हात आखडला.

ताई म्हणाल्या की दुसऱ्या नंबरची जागा रिकामी का. तर ती अशी रिकामी. काकांकडे आम्ही दोघं होतो. तिकडे मी एकटा, तोही घाबरत.

नाणं काल आलं. अजून पाकीट फोडलेलं नाही, हात होत नाही.

---

तबकडीवाला_कोपरी | मंगळवार, दुपारी १२:५५

अहो फोडा की! इथे आमचा जीव टांगणीला.

---

नौपाडकर | मंगळवार, दुपारी १:०२

कलदार, फोडू नका. संध्याकाळी साडेसातला तलावपाळीवर या. मी काटा आणि भिंग आणतो.

---

नौपाडकर | मंगळवार, रात्री १०:०५

भेटलो. शेंगा घेतल्या, कठड्यावर बसलो. माझ्याकडे सोनारी काटा आहे, खिशात मावणारा. पाकीट फोडलं तर आत वर्तमानपत्राच्या घडीत नाणं, बस, प्लास्टिकसुद्धा नाही. कलदार कडेकडे बघेचनात, मला म्हणाले, "तुम्ही बघा."

पूर्ण रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. माझा भरला ११.५८. त्यांचा ११.६१. कड मोबाईलच्या उजेडात सगळी फिरवून पाहिली, दातेरं बारापाशी काय, कुठेच बुजलेली नाहीत. घासलेलं नाही. हत्तीच्या, म्हणजे डुकराच्या, पाठीवरची झूल माझ्यापेक्षा त्यांच्या नाण्यावर स्पष्ट. थोडक्यात, २,१०० कमी देऊन त्यांना जास्त चांगलं नाणं मिळालं.

मी म्हटलं, झालं, आता नवख्याकडेच घेत जाऊ. कलदार म्हणाले, "चार रात्री झोप नाही हो. परत नको." मग मीच विचारलं, आपण दोघं एकमेकांवर बोली लावतो ते थांबवू या का? काकांचे १९१६ आणि १९१८ आज रात्री दहाला संपतायत. १९१६ तुम्ही घ्या, १९१८ मी. दोघांचे मिळून तीनेक हजार वाचतील. हातावर हात मारला.

---

अर्थाताई_बेलापूर | मंगळवार, रात्री १०:१५

नौपाडकर! ह्याला बोलीदारांचं संगनमत म्हणतात. सईच्या विक्रेत्यानं केलं त्याची ही दुसरी बाजू. काल पोटात गोळा आला होता ना?

---

पाकीटमास्तर_नेरूळ | मंगळवार, रात्री १०:१८

आम्हीही वाचत असतो हं.

---

नौपाडकर | मंगळवार, रात्री ११:४०

ताई, ओरडा खाल्ला. पण पुढचं ऐका.

दहाला दोन्ही लॉट संपले. १९१६ कलदारांना १,९०० ला, १९१८ मला १,७५० ला. पडेल भावातच म्हणा. साडेदहाला काकांचा फोन. नऊ वर्षांत रात्री त्यांनी कधी केला नव्हता. म्हटलं, कळलं वाटतं.

"साहेब, तब्येत बरी आहे ना? बोली दिसली नाही नेहमीसारखी. घरी सगळं ठीक?"

मी म्हटलं, ठीक आहे.

"नाही, काळजी वाटली. तुमचा १९१८ उद्या पाठवतो. आणि हो, एक १९२१ मुंबई आलाय. लिलावात टाकायच्या आधी तुम्हाला विचारतो. बाराच्या काट्यापाशी बारीक डाग आहे, कडीचा असावा, तेव्हा बघा बुवा."

भाव विचारला नाही. ठेवा म्हटलं.

---

कळव्याचा_कलदार | मंगळवार, रात्री ११:४४

१९२१??? मला पण फोन आला होता. मला नाही सांगितलं.